घरच्या घरीं ख्रिस्ती

नाशिक शहरांत शरणपूर रस्ता कोणास ठाऊक नाहीं? दुकानें, दवाखाने, बँका आणि शिकवण्यांचे वर्ग यांनीं गजबजलेल्या त्या रस्त्यावरून आपल्या शाळेचीं कितीतरी मुलें रोज ये-जा करितात. परंतु ‘शरणपूर’ हें नांव कां पडलें, असा प्रश्न वर्गांत टाकला म्हणजे बहुधा उत्तर येत नाहीं. एखादा चुणचुणीत विद्यार्थी ‘शरण आलेल्यांचें गांव’ अशी फोड करून दाखवितो आणि तेथेंच थांबतो. कोण शरण आलें होतें, कोठून, आणि कोणाच्या आश्रयास, ही हकीकत आपल्या शहराची असूनही आपल्यांतून नाहींशी होत चालली आहे. ती येथें थोडक्यांत सांगावी आणि तिच्या आधारें हल्लींच्या एका समजुतीचा विचार करावा, असा हेतु आहे.

ती समजूत अशी: “मी ख्रिस्ती आहें. मी घरीं प्रार्थना करितों, शास्त्र वाचितों, मोबाईलवर देशोदेशींच्या नामांकित उपदेशकांचीं प्रवचनें ऐकतों. मग रविवारीं देवळांत जाऊन बसलेंच पाहिजे असें कां?” वरच्या इयत्तांतील मुलें हें विचारतात, आणि त्यांचे वडीलही हल्लीं विचारूं लागले आहेत. प्रश्न उद्धटपणाचा नाहीं. विचारणारांपैकीं पुष्कळांची भक्ति खरी असते; उपासनेस नेमानें येऊन घड्याळाकडे पाहणाऱ्या कित्येकांपेक्षां ती अधिक खरी असते, हेंही कबूल केलें पाहिजे. तेव्हां “वाडवडिलांची चाल आहे, म्हणून या” असें उत्तर देऊन त्यांची बोळवण करणें योग्य होणार नाहीं.

माझें म्हणणें असें आहे कीं, मनुष्य एकट्यानें ख्रिस्तावर विश्वास ठेवूं शकेल, परंतु त्या विश्वासांत त्याची वाढ एकट्यानें होत नाहीं. कारण ही वाढ ज्या गुणांनीं मोजावयाची, म्हणजे सहनशीलता, क्षमा, दुसऱ्याचें ओझें उचलणें, आपली चूक दुसऱ्यानें दाखविली असतां ती ऐकून घेणें, त्यांपैकीं एकही गुण बंद खोलींत कमावतां येत नाहीं. त्यांस दुसरीं माणसें लागतात. आणि तींही आपण आपल्या आवडीनें निवडलेलीं असून भागत नाहीं. मित्र आपण निवडतों. मंडळींतील भाऊबहिणी आपल्यास दिल्या जातात. या फरकांतच सारें इंगित आहे असें मला वाटतें, आणि शरणपूरची हकीकत मला त्याकरितांच सांगावयाची आहे.

नाशकास चर्च मिशनरी सोसायटीचें काम १८३२ सालीं सुरू झालें. गोदावरीकांठचें हें मोठें क्षेत्र. येथें त्या काळीं ख्रिस्ती होणें म्हणजे काय होतें, याची कल्पना आज सहज येणार नाहीं. बाप्तिस्मा घेतला कीं त्याच दिवसापासून घर परकें होई. विहिरीवर पाणी मिळेना, न्हावी दाढी करीना, पिढीजाद धंद्यांत कोणी उभें करीना. बायको माहेरीं निघून जाई आणि मुलें दुरावत. अशा माणसानें राहावें कोठें, आणि खावें काय? या अडचणींतून वाट काढण्यासाठीं १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनीं शहराबाहेरील जागेवर एक लहानसें ख्रिस्ती गांव वसविलें. तेंच शरणपूर. तेथें उपासनेची जागा होती, शाळा होती, आणि हातास काम मिळावें म्हणून सुतारकाम, लोहारकाम व शेती शिकविण्याची सोय होती.

पुढें या गांवांत दुसरेही शरणागत आले, आणि ते फार दुरून आले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबी गलबतांत घालून गुलाम म्हणून विकावयास नेलेलीं मुलें इंग्रजी आरमार समुद्रांत अडवून सोडवीत असे, व त्यांपैकीं कित्येकांस मुंबईस उतरवीत. हीं मुलें निरनिराळ्या टोळ्यांतलीं. त्यांना एकमेकांची भाषाही धड समजत नसे. कोणाचे आईबाप मारले गेले होते, कोणाचें गांव जाळलें गेलें होतें. त्यांच्यासाठीं शरणपुरांत आफ्रिकन आश्रम निघाला. निग्रो मुलें गोदावरीकांठीं मराठी बोलूं लागलीं, ऐरणीवर घण मारूं लागलीं, आणि रविवारीं येथल्या माणसांच्या शेजारीं बसून देवाची स्तुति गाऊं लागलीं.

या चित्रावर क्षणभर दृष्टि ठेवावी. एका बाजूस आपापल्या जातींतून बाहेर टाकलेले मराठी लोक, निरनिराळ्या जातींतून आलेले, ज्यांनीं आदल्या वर्षापर्यंत एकमेकांच्या हातचें पाणी घेतलें नसतें. दुसऱ्या बाजूस समुद्रावरून आलेलीं, ज्यांच्या गांवचें नांवही येथें कोणास उच्चारतां येत नव्हतें अशीं मुलें. यांपैकीं कोणीही कोणास निवडलें नव्हतें. संधि असती तर बहुधा निवडलेंही नसतें! त्यांचें एकच नातें होतें, तें म्हणजे ते एकाच प्रभूच्या नांवानें एकत्र आले होते. पौल प्रेषितानें करिंथ येथील मंडळीस शरीराचा आणि अवयवांचा जो दृष्टान्त लिहून पाठविला, तो आपण वर्गांत पाठ करितों व परीक्षेंत लिहितों. शरणपुरांतील माणसांस तो रोज सकाळीं उठून जगावा लागत होता.

अशा सहवासांत काय पिकलें, याचा एक दाखला सर्व जगास ठाऊक आहे, मात्र त्यांतलें नाशकाचें नांव पुष्कळांस ठाऊक नसतें. प्रसिद्ध प्रवासी व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा १८६६ सालीं आपल्या शेवटच्या सफरीस निघाला, तेव्हां त्यानें नाशिकच्या या आश्रमांतले नऊ तरुण बरोबर घेतले होते. ते सगळेच नांवाजण्यासारखे निघाले असें मात्र नाहीं. कित्येक वाटेंतच त्यास सोडून गेले, आणि त्यानें आपल्या रोजनिशींत नाशिकच्या पोरांविषयीं पुष्कळ कुरकुर लिहून ठेविली आहे. आपल्या गांवच्या गोष्टींत तेवढें चांगलें सांगून वाईट गाळण्याची जी आपल्यास खोड असते, ती येथें नको. पुढें १८७२ सालीं स्टॅन्ले यानें झांजिबाराहून लिव्हिंग्स्टनकडे मदतीची जी तुकडी पाठविली, तींत नाशकास शिकलेला जेकब वेनराइट नांवाचा तरुण होता.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, हल्लीं झांबिया म्हणतात त्या देशांतील चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या चाकरांनीं, त्यांत सुसी आणि चुमा हे पुढारी होते, एक विलक्षण निश्चय केला. धन्याचें शव त्यांनीं त्याच्या देशास पोंचवावयाचें ठरविलें. त्याचें हृदय काढून एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं तेथें पाळक नव्हता, देऊळ नव्हतें, शेंकडों कोस आसपास ख्रिस्ती वस्ती नव्हती. जेकब वेनराइट पुढें झाला आणि त्यानें अंत्यविधीची प्रार्थना वाचली. झाडाच्या खोडावर त्यानेंच नांव व तारीख कोरली. मग मीठ लावून वाळविलेलें तें शव झाडाच्या सालींत व कापडांत गुंडाळून ती मंडळी हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनाऱ्यास आली. १८७४ च्या एप्रिलच्या १८ तारखेस लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें लिव्हिंग्स्टनचें दफन झालें, तेव्हां शवपेटीबरोबर चालणारांत हा आपल्या शरणपूरचा विद्यार्थी होता.

येथें ‘घरच्या घरीं ख्रिस्ती’ म्हणणारा वाचक म्हणेल, “हा दाखला तर आमच्या बाजूचा झाला! अरण्यांत, मंडळीवांचून, त्यानें आपला धर्म राखलाच कीं नाहीं?” राखला, यांत संशय नाहीं. पण कशाच्या बळावर राखला तें पाहावें. त्या झाडाखालीं उभा राहून त्यानें जे शब्द उच्चारले ते त्यानें स्वतः रचले नव्हते. ते मंडळीचे शब्द होते. शेंकडों लोकांनीं, पिढ्यान् पिढ्या, आपापल्या मृतांस पोंचवितांना म्हटलेले. शरणपुरांत कोणी लहान मूल वारलें असेल, कोणी म्हातारी वारली असेल, आणि हा पोरका आफ्रिकन मुलगा तेथल्या स्मशानांत इतरांबरोबर उभा राहिला असेल. प्रसंग आला तेव्हां शब्द त्याच्या हाताशीं होते, कारण प्रसंग नसतांना तो ते दुसऱ्यांच्या दुःखांत ऐकत आला होता. एकांतांत आपल्या तोंडीं कोणती प्रार्थना येते, याचा प्रत्येकानें शोध घ्यावा. आपली म्हणून जी वाटते तींतले निम्मे शब्द देवळांतल्या बांकावर मिळालेले असतात.

प्राइससाहेब १८७४ सालीं आफ्रिकेस गेले, आणि १८७५ सालीं मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठीं फ्रिअर टाऊन नांवाची वसाहत उभी राहिली. मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचें नांव तीस दिलेलें आहे. तेथें शाळा चालविण्यास, लोहारकाम शिकविण्यास, भजन घेण्यास माणसें कोठून आणावयाचीं? तीं नाशकाहून गेलीं. त्यांपैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर या दोघांस १८८५ सालीं धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला. तेव्हां मागें राहिलेला तांडा सुखरूप परत आणण्याचें काम या जोन्सनेंच केलें. ज्याला लहानपणीं कोणीं विकलें होतें, त्याच्या मागोमाग शेंकडों माणसें विश्वासानें चालत घरीं आलीं.

आतां दुसरी बाजू. शरणपूरसारख्या वस्तींत दोष नव्हता असें मी म्हणत नाहीं. घर मिशनचें, शाळा मिशनची, नोकरी मिशनची, आणि उपासनेची घंटाही मिशनची, अशी स्थिति झाली म्हणजे संगति ही हळूहळू सवय होते, आणि सवयीच्या पोटीं मिंधेपणा येतो. कुंपणाच्या आंत सगळे आपले, बाहेर सगळे परके, असेंही होतें. ज्यास शरण जावयाचें तो ख्रिस्त कीं मिशनचा साहेब, हा घोटाळा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं पुष्कळ वर्षें चालला, आणि त्याची किंमत आपण अजून देत आहों.

हा दोष ज्यांच्या जिव्हारीं लागला त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रेसर होते. टिळकांचा व नाशिकचा संबंध वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या शिक्षणाचीं कांहीं वर्षें येथें गेलीं, आणि लक्ष्मीबाईंचें माहेर जवळच्या जलालपूरचें. टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें वीस-बावीस वर्षें मिशनमध्यें काम करून १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली. घरच्या घरीं ख्रिस्ती राहूं म्हणणारांना टिळकांचें नांव घेणें आवडतें: पाहा, एवढा मोठा भक्तकवि, तोही शेवटीं चौकट मोडून बाहेर पडला! परंतु बाहेर पडून त्यांनीं काय केलें? ते खोलीचें दार लावून बसले नाहींत. त्यांनीं लगेच ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही बोलाविलें. एक कुंपण त्यांना अरुंद वाटलें म्हणून त्यांनीं संगति अधिक रुंद केली. त्यांचीं भजनें पाहिलीं तरी हेंच दिसतें. टाळ-मृदंगाच्या साथीनें, पुष्कळांनीं मिळून म्हणावयाचें हें त्यांचें रूप आहे. एकट्यानें गुणगुणतां येतात, नाहीं असें नाहीं. पण मंडळी उभी राहून म्हणूं लागली कीं त्यांतला जोर निराळा लागतो.

आणि लक्ष्मीबाई! त्यांची ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागांनीं प्रसिद्ध झालीं, आणि मराठी वाचतां येणाऱ्या प्रत्येकानें तीं वाचावीं. टिळक ख्रिस्ती झाल्यावर या बाई कांहीं काळ त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या; पुढें पतीजवळ आल्या तरी सोवळें सुटलें नव्हतें. टिळकांसारखा वक्ता घरांत असतां त्यांचें मन वादविवादानें वळलें नाहीं. जाति देवानें केली कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला, आणि कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. म्हणजे त्यांच्या बाबतींत आधीं पंगत आली व मग दीक्षा. माणसांशीं जेवणें हाच त्यांच्या विश्वासाचा पहिला धडा झाला. याच लक्ष्मीबाईंनीं पुढें किती अनाथ मुलांस पोटाशीं धरलें, तें त्यांचें पुस्तक सांगतें. १९३६ सालीं येथेंच, नाशकास, त्यांचा अंत झाला.

लक्ष्मीबाईंच्या उदाहरणावरून प्रभुभोजनाविषयीं एक गोष्ट लक्षांत यावी. आपल्या देशांत भाकरी आणि प्याला यांना जो अर्थ आहे, तो इतर देशांत क्वचितच असेल. कोणाच्या हातचें, कोणाच्या भांड्यांतलें, कोणाच्या पंक्तीस, यांवर येथें माणसांच्या योग्यता ठरल्या. याच नाशकांत १९३० च्या मार्चच्या २ तारखेस डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला, आणि माणसांना देवळाच्या दारांत वर्षानुवर्षें तिष्ठावें लागलें. अशा भूमींत एका प्याल्यांतून सर्वांनीं घेणें ही साधी गोष्ट नव्हती. ज्यांनीं तें पहिल्यानें केलें त्यांचे हात कांपले असतील. यावरून आपण शेखी मिरवावी असें मात्र नाहीं. प्याला एक झाला, तरी सोयरिकी जुळवितांना पूर्वाश्रमीची जात हळूच विचारणारे लोक आपल्यांत अजून आहेत. नगरचे, खानदेशचे, अमुक मिशनचे व तमुक मिशनचे असे बांकही आहेत. १९७० च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपुरास निरनिराळ्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. कागदावरची एकी त्या दिवशीं झाली. बांकांवरची व्हावयाची आहे, आणि ती देवळांत न येणाऱ्यांकडून होणार नाहीं, एवढें नक्की.

आपल्या शाळेंतील जे विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत, त्यांस हा सारा विचार परका वाटूं नये. पौष महिन्यांत निवृत्तिनाथांच्या यात्रेस नाशकावरून त्र्यंबकेश्वराकडे दिंड्या जातात, त्या आपण रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहतों. वारकऱ्यास एकट्यानें मोटारींत बसून तासाभरांत त्र्यंबकास पोंचतां येणार नाहीं काय? येईल. दर्शनही होईल. तरी तो थंडींत पायीं चालतो, अनोळखी माणसाच्या टाळेस टाळ मिळवितो, आणि पुढच्याच्या चालीनें आपली चाल ठेवितो. त्यास त्याचें कारण विचारावें. मला जें येथें पानें खर्चून सांगावें लागत आहे, तें तो दोन शब्दांत सांगेल.

मोबाईलवरील उपासनेविषयीं आतां लिहितों. २०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें सर्व देवालयें बंद झालीं. महाराष्ट्रांत तीं त्याच वर्षीं १६ नोव्हेंबरास उघडलीं, पुढें दुसऱ्या लाटेंत पुन्हां बंद झालीं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस पुन्हां उघडलीं. त्या काळांत पाळकांनीं मोबाईलवरून उपासना घेतल्या, हें फार चांगलें केलें. आजारी, वृद्ध, दूर गेलेले, यांस त्याचा आधार झाला व अजूनही होतो. तें साधन मी हलकें लेखीत नाहीं. परंतु त्याच काळानें आपल्यास दाखविलें कीं, त्या पडद्यावरून काय येत नाहीं. मृताच्या घरीं कोणास जातां येईना. चारचौघांनीं प्रेत पोंचविलें, आणि विधवेच्या शेजारीं बसावयास बहीण नव्हती. तेव्हां कोणीही असें म्हटलें नाहीं कीं, सांत्वनाचें भाषण ऐकलें, आतां माणसें कशाला? मग देवळें उघडल्यावर सवड नाहीं असें आपण कां म्हणतों?

मोबाईलवरील प्रवचनांत आणखी एक खोंच आहे. तें न आवडलें तर बोटानें सरकवितां येतें. आपल्यास रुचेल तोच उपदेशक, आपल्या वेळीं, आपल्या मर्जीपुरता! अशा ऐकण्यानें ज्ञान वाढेल, स्वभाव वाढणार नाहीं. देवळांत शेजारीं बसलेले आजोबा बेसूर गातात, त्यांना सरकवितां येत नाहीं. ज्याच्याशीं गेल्या आठवड्यांत बोलाचाली झाली तो शांतीचा नमस्कार करावयास हात पुढें करितो, आणि सर्वांदेखत तो हात घ्यावा लागतो. पहिल्यानें वरवर घेतला जातो. पण दर आठवड्यास घ्यावा लागला म्हणजे मनही केव्हां तरी त्याच्यामागें येतें. घरीं बसलेल्यास या त्रासांतून सुटका मिळते खरी, आणि त्याबरोबरच त्या त्रासाचें फळही हुकतें.

“पण मंडळींत भांडणें असतात,” हा आक्षेप मुलें फार जोरानें घेतात, आणि त्यांस तो घेण्याचा अधिकार आहे. कारण पंचांच्या निवडणुकींतील चुरस व मालमत्तेचे दावे यांच्या गोष्टी तीं जेवतांना वडिलांच्या तोंडून ऐकत असतात. मी इतकेंच म्हणतों कीं, करिंथ येथील मंडळींत याहून कमी भांडणें नव्हतीं. पौलानें त्यांस कडक शब्दांत लिहिलें, परंतु वेगवेगळे घरीं बसा असें कोठेंही सुचविलें नाहीं. भांडण तेथेंच होतें जेथें माणसांना एकत्र राहावयाचें असतें. देवळाच्या जमिनीचा दावा मात्र उपासनेइतक्या नेमानें चालूं नये, ही सूचना मी वडील मंडळींपुढें हात जोडून ठेवितों.

ज्या मुलांच्या मनांत शंका आहेत, आणि शंका असलेल्यानें देवळांत बसणें हें ढोंग होईल असें ज्यांस प्रामाणिकपणें वाटतें, त्यांच्यासाठीं थोमाची गोष्ट आहे. पुनरुत्थित प्रभु शिष्यांस प्रथम दिसला त्या संध्याकाळीं थोमा त्यांच्यांत नव्हता. इतरांनीं सांगितलें, त्यास पटलें नाहीं, आणि पटलें नाहीं असें त्यानें स्पष्ट बोलून दाखविलें. आपण या गोष्टींतल्या त्याच्या शंकेवर उपदेश ऐकतों, परंतु मधल्या आठ दिवसांकडे आपलें लक्ष जात नाहीं. पुढल्या आठवड्यास दारें लावून शिष्य बसले होते, तेव्हां थोमा त्यांच्याबरोबर होता. ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता, ती मानणाऱ्यांच्यांत तो येऊन बसला. आणि त्या दहाजणांनींही त्यास बाहेर काढलें नाहीं. दर्शन त्यास तेथें झालें, एकट्यास वाटेवर नाहीं. तेव्हां शंका घेऊनच या. ती दारांत काढून ठेवावी लागत नाहीं, आणि जी मंडळी ठेवावयास लावील तिनें थोमाच्या सोबत्यांपासून धडा घ्यावा.

पालकांस दोन शब्द लिहून पुरें करितों. “दहावीचें वर्ष आहे, यंदा रविवारीं सकाळीं शिकवणी आहे” हें वाक्य मला दरवर्षीं जून महिन्यांत ऐकूं येतें. मी शिक्षक आहें; परीक्षेचें महत्त्व मी कमी करणार नाहीं. पण दहावीनंतर अकरावी-बारावी येते, त्यानंतर प्रवेशपरीक्षा येतात, आणि मग मुलगा पुण्यास अगर मुंबईस जातो, जेथें त्यास ओळखणारें एक माणूस नसतें. पंधराव्या वर्षीं ज्याची संगति सुटली तो अठराव्या वर्षीं परक्या शहरांत ती आपण होऊन शोधील, ही आशा फोल आहे. नेमका त्या एकाकी वेळीं त्यास जेकब वेनराइटप्रमाणें हाताशीं कांहीं लागणार असतें. मुलींची काळजी आपण याहून अधिक करितों म्हणून म्हणतों, त्यांच्या बाबतींतही हेंच आहे.

शिकवणीस नांव घालण्यापूर्वीं चालकांस दुसरी वेळ मागून पाहावी. पुष्कळ ठिकाणीं संध्याकाळचे वर्ग असतात, आणि चार पालकांनीं मिळून विचारलें तर वेळ बदलूनही मिळते. मूल बाहेरगांवीं निघालें म्हणजे वसतिगृह, खाणावळ, बसचा थांबा यांची चौकशी आपण महिनाभर आधीं करितों. त्यांतच तेथल्या मंडळीची चौकशी करावी. पूर्वीं एका गांवचें ख्रिस्ती कुटुंब दुसऱ्या गांवीं राहावयास जाई, तेव्हां आपल्या पाळकाचें पत्र बरोबर नेई. हा आमच्यांतला आहे, यास आपल्यांत घ्या, एवढाच त्यांतला मजकूर असे. ही चाल अगदींच मोडली आहे असें नाहीं. पाळकांकडे मागितलें तर तें पत्र आजही मिळतें, आणि मुलाच्या पेटींत गुणपत्रिकांच्या खालीं त्यास जागा होईल.